योजनेची पाटी उतरवली तेव्हा

परभणीतल्या एका खाजगी दवाखान्यात मी सरकारी आरोग्य योजनेच्या खिडकीवर बसायचे. रेशनकार्ड बघायचं, आधार बघायचं, पेशंटचा फोटो काढून मंजुरी मागवायची, एवढंच काम. योजनेत डायलिसिस मोफत झालं तसा दवाखाना भरला. किडनी गेली म्हटल्यावर पूर्वी जी माणसं घरी जाऊन पडून राहिली असती, ती आठवड्यातून दोनदा यायला लागली. गर्दी बघून डॉक्टरांनी कर्ज काढलं आणि आणखी दोन मशीनं आणली.

झरी गावचे एक काका सोमवारी आणि गुरुवारी यायचे. मावशी सोबत असायच्या. त्या दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात, पण हे दोन दिवस त्यांनी कामातून काढूनच ठेवले होते. काका मशीनवर गेले की त्या माझ्या खिडकीपाशी येऊन बसत.

"तुमच्यामुळं माझा माणूस हाय," म्हणायच्या.

मी काय केलं होतं? नुसते कागद पुढं सरकवले होते.

मग योजनेचे पैसे यायचे थांबले. आधी उशीर होऊ लागला, नंतर कागद परत यायला लागले. फोटो पुसट आहे, सही दिसत नाही, पुन्हा पाठवा. मी पुन्हा पाठवायचे. डॉक्टरांनी काही महिने ओढलं. मग एक दिवस मला केबिनमध्ये बोलावलं.

"ताई, मशीनचे हप्ते थकलेत, सिस्टरांचे पगार थकलेत. योजनेची पाटी उतरवतो मी. पेशंटना तुम्हीच सांगा. मला त्यांच्या तोंडाकडं बघवणार नाही."

गुरुवारी मी मावशींना सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग सोमवारी किती वाजता येऊ?"

मला पुन्हा सांगावं लागलं. या वेळी त्या भिंतीला टेकून खाली बसल्या.

सरकारी दवाखान्यात मशीनं कमी आणि नावांची यादी लांब. मी काकांचं नाव तिथं लावलं आणि डॉक्टरांकडं गेले. त्यांनी काकांची फाइल चाळली. मग म्हणाले, "तिकडं जागा मिळेपर्यंत यांचं मी पैसे न घेता करतो. पण कुठं बोलू नका."

तीन आठवडे ते चाललं. चौथ्या सोमवारी खिडकीसमोर चार घरची माणसं उभी राहिली.

"झरीच्या माणसाचं फुकट करायलेत म्हणं. मंग आमचं का न्हाई?"

मावशींनी एस.टी.त दुसऱ्या पेशंटच्या लेकीला सांगितलं होतं. डॉक्टर बाहेर आले. त्या माणसांचं खोटं नव्हतं, त्यांचेही पेशंट तेवढेच आजारी होते. डॉक्टर हळूच म्हणाले, "आता कुणाचंच होणार नाही."

"माझ्याच तोंडानं घात केला," मावशी म्हणाल्या. "लय बरं वाटलं व्हतं, म्हणून बोलले."

"मावशी, हे आज ना उद्या थांबणारच होतं," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं नव्हतं.

सरकारी यादीत नंबर लागेना, मग काका-मावशी रेल्वेनं नांदेडला जायला लागले. तिथल्या एका दवाखान्यात योजना चालू होती. पहाटे निघायचं, अंधार पडल्यावर परतायचं. पूर्णा जंक्शनला गाडी थांबून राहिली की काका बाकावर आडवे होत. दोन महिन्यांनी आठवड्याच्या दोन फेऱ्यांची एक झाली. मग एका सकाळी काका उठायला तयारच झाले नाहीत. "आज न्हाई जायाचं," म्हणाले. मावशींनी हात धरून उठवून बघितलं, शेजाऱ्यांना बोलावलं, पण काकांनी भिंतीकडं तोंड केलं. पुढं ते कधीच गेले नाहीत. पंधरवड्यात वारले.

दवाखान्यातली दोन मशीनं डॉक्टरांनी मिळेल त्या किमतीला विकली. दोन सिस्टर काम सोडून गेल्या. माझी नोकरी टिकली. आता मी कंपन्यांच्या विम्याची कागदपत्रं बघते. ती नोकरदारांची असतात.

मी झरीला भेटायला गेले तेव्हा मावशींनी चहा केला. शेजारची एक सून दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या पायांवर सूज होती.

"हिचीबी किडनी म्हणायलेत," मावशी म्हणाल्या. "तुमाला ठावं असतंय सगळं. हिला कुठं न्यावं?"

त्या सुनेनं रिपोर्टची पिशवी माझ्यापुढं धरली. मी सगळे कागद वाचले. वाचून झाल्यावर ते पिशवीत परत घातले; नांदेडचं नाव त्या घरात मला काढवेना. मग म्हणाले, "सरकारी दवाखान्यात नाव लावून ठेवा."

"किती दिवसांनी नंबर लागंल?" तिनं विचारलं.