हत्तींच्या समोर उभी केलेली फौज

माझा मित्र कतारमधली, दोहाची नोकरी सोडून कायमचा घरी आला, त्यानंतर महिन्याभराने मी मिठाई घेऊन मांडवीला त्याच्याकडे गेलो. दिवाणखान्यातल्या टेबलावर इवल्या सैनिकांची लढाई मांडलेली होती. कॉलेजात असताना याच टेबलावर आम्ही दोघं खेळायचो. पट्टीने अंतर मोजून सैनिक पुढे सरकवायचे, फासे टाकायचे, आणि मेला-जगला यावरून भांडायचं. तो परदेशी गेला, माझं लग्न झालं, दुकान वाढलं. माझे सैनिक मी भाच्याला देऊन टाकले होते.

"कोणाशी खेळतोयस?" मी विचारलं.

"बँकेत नवे साहेब आलेत, पुण्याचे. दर रविवारी येतात. त्यांचे हत्ती बघ."

बघितले. रोमनांवर चालून जाणारी कार्थेजची फौज, आणि पुढे हत्तींची रांग. सोंडेवरच्या सुरकुत्यासुद्धा रंगवलेल्या. ही फौज कधीतरी मी घेणार, असं मी त्याला किती वेळा सांगितलं असेल! तो विसरला होता. माझ्या खुर्चीवर कोणाचा तरी चष्मा पडला होता.

"तूही ये की परत," तो म्हणाला. "फक्त हत्ती नको घेऊस, दोघांचं सारखं होईल."

घरी येऊन मी मोबाइलवर फौजा चाळत बसलो. ग्रीक आवडले, पण हत्तींपुढे टिकतील का? घोडेस्वार देखणे होते, पण हत्तीच्या वासाने घोडे बिथरतात. शेवटी स्पेनच्या डोंगरातले गोफणवाले सापडले. साधे अंगरखे, ना चिलखत ना शिरस्त्राण; पण लांबून दगड मारून हत्ती पिसाळवणारे.

बायको मागून बघत होती. "हे आवडले तुम्हाला?"

"हत्तींविरुद्ध उपयोगी पडतात."

"आवडले का, असं विचारलं मी."

मी ऑर्डर देऊन टाकली. रोज दुकान बंद केल्यावर रंगवायला बसायचो. हात पूर्वीसारखा चालेना, डोळे काढताना ब्रश गालावर जायचा. सैनिकांच्या पायाखालच्या चकत्यांवर परसातली जांभ्याची माती चाळून चिकटवली. तेवढी मात्र झकास दिसली.

फौज तयार झाली त्या रविवारी साहेबांशी डाव मांडला. मित्र नियमांचं पुस्तक घेऊन पंच झाला. माझ्या गोफणवाल्यांनी मधल्या हत्तीला जखमी केलं, साहेबांचा फासा वाईट पडला, आणि हत्ती उलटा फिरून त्यांच्याच भालेवाल्यांना तुडवत गेला. मी जिंकलो. इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

"अरेरे, सर!" मित्राने साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला. "हत्ती जरा मागे ठेवायला हवे होते. थांबा, दाखवतो." दोघं टेबलावर वाकले आणि पुढच्या डावाची आखणी करू लागले. मी एकटाच माझे सैनिक कापसात गुंडाळत होतो.

साहेबांनी मान वर केली. "तुमच्या सैनिकांखालची ही लाल माती सुरेख दिसते. मला द्याल थोडी?"

माणूस वाईट नव्हता, हेच जास्त खुपलं. "आणतो," मी म्हणालो.

निघताना मित्र फाटकापर्यंत आला. "मस्त खेळलास. पुढच्या रविवारी साहेब पुण्याला जाणार आहेत. तू येशील ना?"

ते नाहीत म्हणून मला बोलावतोय, असंच पहिल्यांदा मनात आलं.

"येईन," मी म्हणालो, आणि स्कूटर सुरू केली.