नवरदेवाची हजेरी

मिलच्या फाटकावर ले-ऑफची नोटीस लागली, तो सोमवार होता. वीज नव्हती, म्हणून काम बंद.

हजेरी द्यावी तर आमच्या दाजींनीच. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे हे यजमान सोलापुरात भवानी पेठेत राहत आणि मिलमध्ये कापड विणत. सत्तरनंतरच्या त्या वर्षांत विजेची ओढाताणच होती. काम बंद राहिले तर कायद्याने कायम कामगाराला अर्धा पगार मिळे. अट एवढीच, की त्याने रोज ठरल्या वेळी फाटकावर येऊन हजेरी द्यायची. बाकीचे लोक लुंगीवरच जांभया देत जात. दाजी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, भाकरीचा डबा घेऊन निघत. "काम न्हाय तर डबा कशाला?" अक्का विचारी. "आन् वीज आली तर? तितं यिऊन भाकरी थापणार व्हय तू?" टाइमकीपरने नाव पुकारले की इतर हात वर करीत, दाजी "हाजिर!" असे गरजत, की पलीकडच्या टांग्याचा घोडा कान टवकारी. शेजारच्या तेलुगू विणकराला ताप भरला, तेव्हा त्याला घोंगडीत गुंडाळून त्यांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेले. तो वाटभर तेलुगूत शिव्या देत होता. दाजी "व्हय, व्हय" म्हणत पायडल मारत होते.

या वेडामागे एक भीती होती. आधीच्या ले-ऑफमध्ये त्यांचा जोडीदार थोडे दिवस गावी राहिला. त्याला दुसरीकडे काम लागले असे ऑफिसने धरले आणि त्याचे नाव कापले. तो पुन्हा कामावर चढला नाही.

अशात दाजींच्या लेकीचे लग्न आले. मुहूर्त आधीच काढलेला, आणि हजेरीची वेळ नेमकी तीच. जावईही त्याच मिलमधला, नुकताच कायम झालेला. अंतरपाट धरायच्या बेताला दाजी उभे राहिले.

"जावईबापू, चला. हजेरी हाय."

व्याही भडकले. "डोकं फिरलंय का, पावनं? एक दिस रजा टाका की!"

"कामच बंद, तितं रजा कसली? मुहूर्त गेला तर दुसरा काढू. पोराचं नाव कापलं तर माजी लेक काय खाईल?"

मग लेकच मुंडावळ्या सावरत नवऱ्याला म्हणाली, "जावा तुमी. मी बसते हितं."

निम्मे वऱ्हाड मिलचेच, तेही निघाले, मागोमाग मीही. बँडवाल्यांना वाटले वरात. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. टाइमकीपर मान खाली घालून नावे पुकारत होता. जावयाचे नाव आले आणि "हाजिर!" असा आवाज उठला. मी दाजींकडे पाहिले. त्यांचे तोंड मिटलेले होते; गरजला होता तो जावई. मी शाळेत शिकवत असे, रोज हजेरी घेत असे. तसे उत्तर मी कधी ऐकले नव्हते.

टाइमकीपरने मान वर केली. "बोहल्यावरनं आलास व्हय रे?"

"व्हय, साहेब."

"मग पळ की!"

तरी मुहूर्त टळलाच. लग्न गोरजावर लागले, भात गार झाला, आणि व्याही बरेच दिवस दाजींशी बोलले नाहीत. वीज आली तेव्हा जावयाचे नाव हजेरीपटावर होते.

पुढे मिलच कायमची बंद झाली. दाजी या पावसाळ्यात गेले. जावई आता दुसऱ्याच्या मागावर टॉवेल विणतो. लेक शिवणकाम करते. अक्का त्यांच्याकडे राहते.