दुसऱ्या रकान्यातले काका

माझ्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला एक ओळ येते, स्टुडंट लोन. ऑफिसात सगळे त्या ओळीच्या नावाने बोटं मोडतात. मी नाही मोडत. ती ओळ दिसली की मला इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सचं आमचं स्वयंपाकघर दिसतं, ओट्यावर ठेवलेला लॅपटॉप दिसतो, आणि चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनला नाक लावून बसलेले काका दिसतात.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. मी सहा वर्षांची असताना बाबा गेले. काका तेव्हा लेस्टरला नोकरी करायचे. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला एक बॅग घेऊन आले आणि राहिलेच. त्यांना कोणी राहा म्हटलं नाही आणि कोणी जा म्हटलं नाही. त्यांनी मिल्टन कीन्समध्येच दुसरी नोकरी शोधली आणि जिन्याजवळच्या लहान खोलीत पलंग टाकला. त्या खोलीत पलंग टाकल्यावर दार पूर्ण उघडायचं नाही, म्हणून ते बारा वर्षं आडवे होऊन आत शिरले.

माझी शाळेची वाचनाची वही रोज घरच्यांनी सही करून द्यायची असे. सही काकांची. ट्रिपच्या परवानगीवर सही काकांची, दातांच्या डॉक्टरकडे काकांची, पेरेंट्स इव्हनिंगला आईच्या शेजारच्या खुर्चीत काकाच. शाळेत कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगत बसलो नाही. शनिवारी ते मला मराठी शिकवायचे. मी 'माझा खुर्ची' म्हटलं की कपाळावर हात मारून घ्यायचे. "अवं बाप्पा, नागपूरला नेऊ कसं तुले मी? पोट्टे हसतीन ना!" रविवारी रेडवेने, म्हणजे गावभर पसरलेल्या सायकलींच्या वाटांनी, सायकली हाणत आम्ही तळ्यावर जायचो, गवतावर पडायचो आणि वरून जाणारी विमानं कुठे चालली असतील ते ओळखायचो. ओळखायचो कसलं, ठोकून द्यायचो. मला विमानांचं इंजिनिअरिंग शिकायचं होतं ते त्या गवतामुळे, आणि ते शिकायचं होतं ब्रिस्टललाच. तिथे प्रवेश मिळालाही. आता प्रश्न होता राहण्या-खाण्याच्या पैशांचा.

फी लोनमधून परस्पर भरली जाते, तिची चिंता नव्हती. राहण्या-खाण्यासाठीचं लोन मात्र घरच्या उत्पन्नावर ठरतं. उत्पन्न कमी तर लोन जास्त, आणि वर विद्यापीठाची बर्सरी, जी परत करायची नसते. आई हॉस्पिटलच्या लॅबमध्ये अर्धवेळ काम करायची. तिच्या एकटीच्या पगारावर सगळं मिळालं असतं. पण लोन हा शब्दही तिला नको असे. तिच्या मते पोरीने घरी राहावं, जवळच्याच युनिव्हर्सिटीत बसने ये-जा करावी आणि डोक्यावर कर्ज करून घेऊ नये.

काकांची नोकरी दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका, म्हणजे बग, शोधायची. त्यांनी लोनच्या अटींची सगळी पानं छापून आणली आणि आठवडाभर पेन्सिलीने खुणा केल्या. मग आईसमोर बसून म्हणाले, "वहिनी, मी हे तोडून पाहिलं. कुठे तुटत नाही. पगार ठरावीक रकमेच्या वर गेला तरच कापतात. नोकरी गेली तर कापणं बंद. आणि बऱ्याच वर्षांनी उरलं ते माफ. हे सावकाराचं कर्ज नाही, टॅक्सचा भाऊ आहे. जाऊ द्या तिला." दुसऱ्या दिवशी आईने मला मोठा प्रेशर कुकर घ्यावा की छोटा ते विचारलं. म्हणजे परवानगी मिळाली.

आणि मग मी शहाणीने माती खाल्ली.

फॉर्म ऑनलाइन होता. एका संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती, काका शेजारी बसून कागद पुरवत होते आणि माऊस माझ्या हातात. पहिल्या रकान्यात आईची माहिती भरली. पुढे दुसऱ्या पालकाचा रकाना. माझ्यासाठी तो कोणाचा, हा प्रश्नच नव्हता. बारा वर्षं त्या जागी एकच सही होती. पण आई विधवा म्हणून टिक केलं की तो दुसरा रकाना गायबच व्हायचा. मला वाटलं, वेबसाइटच बिघडलीय. मग मी त्या यादीतले एकेक पर्याय दाबून पाहिले. 'जोडीदारासोबत राहते' हे दाबलं आणि रकाना उघडला. झालं! मी काकांचं नाव घातलं, काकांनी आपल्या पगाराचे आकडे मोठ्याने वाचले, मी टाइप केले. वरची ओळ मी नीट वाचलीच नाही. अठरा वर्षांच्या मुलीला कुठलीच ओळ वाचायची नसते.

महिन्याभराने पत्र आलं. मी शाळेत होते, ते आईने उघडलं. घरी आले तर आई टेबलाशी बसलेली, कोट अजून अंगात. तिने पत्र माझ्याकडे सरकवलं. लोन अगदी किमान मिळणार होतं, बर्सरी नाहीच. त्या पैशांत ब्रिस्टलला खोलीचं भाडंसुद्धा निघालं नसतं. पण आईचं बोट पैशांवर नव्हतं. ते एका ओळीवर होतं. तिथे काकांचं पूर्ण नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, तुमच्या आईचे जोडीदार.

"हे कोणी लिहिलं?" आई म्हणाली.

"मी. पण आई, तो रकाना उघडतच नव्हता..."

"तुला कळतं का काय लिहिलंस?"

आईने माझ्यावर कधी हात उगारला नव्हता आणि तेव्हाही उगारला नाही. ती उठली, नळ सोडला आणि धुतलेलीच भांडी परत धुवायला लागली. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. लाजेपेक्षा राग जास्त, त्या वेबसाइटचा, त्या पत्राचा, माझा स्वतःचा.

आईने पत्र मसाल्याच्या डब्याखाली दडपलं. पण काका घरी आले की आधी चहा स्वतः करायचे, आणि चहाचा डबा त्याच्या शेजारी. त्यांनी पत्र पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत उभ्याउभ्या वाचलं. त्यांचे कान लाल झाले. मग म्हणाले, "हा बग माझ्याकडून सुटला. मी शेजारीच बसलो होतो." आणि माझ्या डोक्यावर टपली मारून चहा न घेताच खोलीत गेले.

अपील करायचं ठरलं. मी लोनच्या ऑफिसला फोन लावला. पलीकडची बाई गोड बोलणारी होती.

"मग हे गृहस्थ तुमचे भाडेकरू का?"

"नाही."

"आईचे जोडीदार?"

"नाही!"

"मग घरात त्यांचं काय नातं?"

"काका," मी म्हटलं. इंग्रजीत अंकल म्हटलं आणि ते इतकं किरकोळ वाटलं की मी पुन्हा म्हटलं, "बाबांचे भाऊ." ती म्हणाली, हरकत नाही, त्यांच्या सहीचं निवेदन पाठवा. नमुना वेबसाइटवर आहे. आपण जोडीदार नाही आणि विद्यार्थिनीचा खर्च आपण करत नाही, असं लिहून सही केली की झालं.

काकांनी नमुना वाचला आणि पेन खाली ठेवलं. "पहिलं वाक्य लिहितो. दुसरं नाही लिहिणार."

"काका, फक्त सही करायचीय."

"दर रविवारी बुद्धवंदनेला बसून खोटं बोलणार नाही म्हणतो, आणि सोमवारी हे लिहू? तुझे बूट कोणी घेतले? सायकल कोणी घेतली?"

"अहो पण मग मला पैसे मिळणार नाहीत!" मी ओरडले. "ब्रिस्टल गेलं माझं! तुम्हाला तुमचं खरं-खोटं पडलंय!"

हे बोलले मी. त्यांना. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

ते तीन दिवस लिहीत होते. चौथ्या दिवशी त्यांनी पत्र मला वाचायला दिलं, स्पेलिंग तपासायला म्हणून. स्पेलिंग माझ्यापेक्षा त्यांचंच चांगलं. इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. या मुलीचे वडील माझे थोरले भाऊ होते. तिची आई माझी वहिनी आहे, मला आईच्या जागी आहे, आणि आमच्यात दुसरं कुठलंही नातं नाही. मुलीच्या खर्चाला मी आजवर हातभार लावला आहे. नाही म्हटलं तर ते खोटं होईल. पण तुमच्या नियमांत काका पालक धरला जात नाही, असं मी वाचलं आहे, आणि नियम मला मान्य आहे. तेव्हा कृपया मला मोजू नये.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग पोस्टात जाऊन ते पत्र रजिस्टर करून टाकून आले.

निकाल यायला किती आठवडे लागले ते आता आठवत नाही, पण त्या आठवड्यांत घरात फरक पडला. आई पूर्वी काकांचं ताट वाढून "भाऊजी, बसा" म्हणायची आणि समोर बसून हॉस्पिटलातल्या गमती सांगायची. आता ती ताट वाढायची आणि काहीतरी काम काढून वर जायची. काका बैठकीत टीव्ही बघायचे तर दार सताड उघडं ठेवून. हीटिंग चालू असताना दार उघडं टाकलं की आरडाओरडा करणारा हाच माणूस!

मग पत्र आलं. काकांना वगळलं होतं. पूर्ण लोन मिळालं आणि बर्सरीही. मी घरभर नाचले. आईने सांभारवडी केली, आमच्या नागपूरकडची कोथिंबिरीची वडी, जी ती फक्त मोठ्या आनंदाला करते, कारण सांभार निवडता निवडता तिची पाठ जाते. काकांनी दोन वड्या खाल्ल्या, हात धुतले आणि म्हणाले, "वहिनी, मी एक खोली बघितली आहे. ऑफिसला जवळ पडते."

आई म्हणाली, "बरं."

एवढंच! मी दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. नंतर नकाशा काढून पाहिलं, तर ती खोली आमच्या घरापेक्षा ऑफिसपासून चार राउंडअबाउट लांब होती. काकांच्या तोंडून मी ऐकलेलं तेवढं एकच खोटं.

मी आईवर तुटून पडले. "थांबव ना त्यांना! लोनवाल्यांनी सांगितलंय का जा म्हणून? त्यांना वगळलं, पैसे मिळाले, संपलं की!"

आई वड्यांचं तेल गाळत होती. "बारा वर्षं माझ्या मनात काही आलं नाही," ती म्हणाली. "भाऊजींच्याही नाही. आता कागदावर आलं. आता मी त्यांना वाढायला वाकले तरी मला ती ओळ दिसते. त्यांनाही दिसत असणार. कसं थांबवू?"

काका गेले तेही एक बॅग घेऊनच. मीही सप्टेंबरात ब्रिस्टलला गेले. त्या ख्रिसमसला घरी आले तेव्हा जिन्याजवळच्या खोलीत इस्त्रीचं टेबल उभं होतं आणि दार पूर्ण उघडत होतं. दुपारी बेल वाजली. दारात काका, हातात संत्र्यांची पिशवी. त्याच हातात किल्ल्यांचा जुडगा होता, आणि त्यात आमच्या घराची किल्ली मला दिसत होती.

"किल्ली आहे की तुमच्याकडे, काका."

"असू दे गं. वहिनी एकट्या असतात. बेल वाजवून यावं."

दर रविवारी ते तसेच यायचे. बेल वाजवायचे, पायपुसण्यावर उभे राहायचे, आत या म्हटल्यावर आत यायचे. पाहुण्यासारखे. मला तेव्हा वाटायचं की ब्रिस्टल मी त्या किल्लीच्या बदल्यात विकत घेतलं. अजूनही वाटतं.

डिग्री झाली, विमानांच्या पंखांवर काम करणारी नोकरी ब्रिस्टललाच लागली, लोनची ओळ पगारावर यायला लागली. काकांनी पहिली स्लिप मागून घेतली आणि हिशेब बरोबर कापलाय का ते तपासलं. यंदा मी लहानसा फ्लॅट घेतला. तीन किल्ल्या मिळाल्या. एक माझी, एक आईची, एक जाड पाकिटात घालून काकांना पाठवली. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही. काय लिहिणार?

मागच्या महिन्यात दोघं पहिल्यांदा आली. आई आदल्या दिवशी आली. काका आता रिटायर झालेत, ते शनिवारी एकटेच बसने आले. आई स्वयंपाकघरात सांभार निवडत होती. दुपारी बेल वाजली. मी दाराकडे निघाले तर आईने माझा हात धरला.

"बस तू," ती म्हणाली.

बेल पुन्हा वाजली. आई जागची हलली नाही. हातात सांभाराची जुडी तशीच. मग ती मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की शेजाऱ्यांनी ऐकलं असेल, "भाऊजी, किल्ली दिलीय ना पोरीने तुम्हाला? मग उघडा की दार!"

बाहेर बॅग खाली टेकल्याचा आवाज आला. मग जुडगा खुळखुळला. कुलूप नवं होतं. किल्ली एकदा उलटी लागली, पुन्हा उलटी लागली, आणि मग फिरली.