तीनदा विचारणारा मेहुणा

माझ्या मेहुण्याइतकी दुसऱ्याची खबरबात ठेवणारा माणूस साऱ्या बीड जिल्ह्यात सापडायचा नाही, आणि सापडूही नये. एक आहे तोच आम्हाला पुरून उरला. हे मी बायकोच्या माघारी लिहितोय, कारण हा तिचा धाकटा भाऊ, आणि त्याच्याबद्दल वाकडा शब्द निघाला की दोन दिवस माझ्या ताटात भाकरी आणि ठेच्याशिवाय काही पडत नाही. गडी गेली चार वर्षं चौसाळ्यात आमच्या माडीवरच्या खोलीत राहतो आणि तिथूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. खांद्यावर घोंगडी, कानाला हेडफोन, समोर दोन पडदे. 'दोन कशाला रे?' म्हटलं तर म्हणतो, 'एक गेला तर?' त्याच्याकडे चष्मे दोन, चपलांचे जोड दोन, इन्व्हर्टर दोन. सकाळची न्याहारी तो आमच्याकडेही करतो आणि शेजारीही करतो, त्याचं कारणही तेच असावं.

त्याचं काम नेमकं काय, हे समजायला मला, म्हणजे जन्मभर पोरांना गणित शिकवणाऱ्या मास्तरला, सहा महिने लागले. ही कंपनी औषधाच्या दुकानांना माल पोचवते. तिची पन्नास-साठ यंत्रं कुठल्याशा थंडगार खोलीत रांगेनं उभी आहेत. सगळी मिळून एकच काम ओढतात. या जथ्याला म्हणायचं क्लस्टर आणि त्यातल्या एकेका यंत्राला म्हणायचं नोड. आज कोणतं काम कोणत्या नोडवर आहे, याचा काही नेम नसतो. म्हणून हा प्रत्येक नोडवर एक लहानसा प्रोग्रॅम बसवतो, त्याचं नाव एजंट. एजंटनं बाकीच्यांना सांगत राहायचं की मी इथं आहे, माझ्याकडे अमुक काम चालतं, आणि माझं बरं चाललंय. ज्याला ते काम हवं असेल तो यादी बघून तिकडं जातो. तीनदा विचारून एखादा बोलला नाही, की त्याचं नाव यादीतून काढायचं आणि त्याचं काम दुसऱ्याकडे वळवायचं. झालं! 'दाजी,' तो मला पारावर बसून सांगत होता, 'आपल्या गावात कुनी मुख्य खबऱ्या हाय का? न्हाई. तरी सकाळी कुनाची म्हैस व्याली तर दुपारपर्यंत हायवेपर्यंत समद्यांना ठावं असतंय. ह्यानं त्याला सांगायचं, त्यानं तिसऱ्याला. माझे एजंट तेच करतात. एवढं शिकून मी हेच करायलोय.' मला वाटलं, याच्या आधी पारावरच्या म्हाताऱ्यांना पगार चालू करायला हवा होता.

तो पुण्याला का जात नाही, याचं कारण मात्र एकच, त्याचे वडील. माझे सासरे, मी त्यांना मामा म्हणतो. शिरूर कासारकडचं मेंढपाळाचं घर. सत्तरीला आले तरी दिवाळी झाली की भावासोबत मेंढरं घेऊन माजलगावच्या ओलिताकडं निघायचे, ते पाऊस पडल्यावरच माघारी. तिकडं उसाचं रान मोकळं झालं की शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात, आणि मामा आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात. मामांना साखरेचा आजार. गोळ्या डबीत, आणि डबी कुठल्या गाठोड्यात ते देव जाणे. मेहुण्याचा जीव सगळा तिथं अडकलेला. यंत्र बंद पडलं तर तो शीळ घालत दुरुस्त करायचा, पण मामांचा फोन लागला नाही की माडीवर येरझाऱ्या सुरू. त्यानं त्यांना दणकट फोन घेऊन दिला होता आणि रोज सकाळ, दुपार, संध्याकाळ तो विचारायचा, 'आबा, बरं हाय का?' तिकडून उत्तर यायचं, 'बरं हाय. ठिव.' आमच्या भागात फोन एवढाच असतो. याच्यापेक्षा लांब बोललं की समोरच्याला वाटतं, कुणीतरी गेलं.

आता हा माणूस आपलं काम माडीवरच ठेवता तर मी त्याला देवमाणूस म्हटलं असतं. पण तो ते घेऊन खाली उतरायचा. आमच्या दारात उभं राहून बरोब्बर तीनदा हाक मारायचा, 'आहे का? आहे का? आहे का?' आणि उत्तर नाही आलं की निघाला. नुसता निघाला असता तरी चाललं असतं, पण जाता जाता गल्लीला सांगून जायचा की दाजींचं घर बंद आहे. एकदा मी न्हाणीत होतो, तोंडाला साबण. बाहेर येईपर्यंत आमचा गॅसचा सिलिंडर शेजारी उतरला होता, पोस्टमन माघारी गेला होता आणि एक पाहुणे 'मास्तर न्हाईत म्हनं' असं ऐकून दुसऱ्याच्या घरी जेवायला बसले होते. मी चिडलो तर हा शांतपणे म्हणतो, 'मग तोंडावर साबन असताना "हाय" म्हनायला काय झालतं?'

माझ्या मुलीच्या लग्नात तर त्यानं कहर केला. हा नवरीचा मामा. त्यानं अंतरपाटाजवळ गुमान उभं राहावं की नाही? नाही. त्यानं आचाऱ्याजवळ एक माणूस बसवला, पाण्याच्या टँकरजवळ एक, वाजंत्र्यांजवळ एक, आणि सगळ्यांनी दर दहा मिनिटांनी फोनवर लिहायचं, 'आहे, चालू आहे.' खरं सांगतो, त्या लग्नात पाणी कमी पडलं नाही आणि भातही कच्चा राहिला नाही. पण नवरदेवाचे मामा म्हणजे त्यांच्या गावचे माजी सरपंच. अक्षता पडायची वेळ आली आणि ते हायवेवरच्या हॉटेलात चार माणसं घेऊन राजकारण करत बसलेले. ह्यानं तीनदा निरोप धाडला, उत्तर नाही. ह्यानं त्यांचं नाव काढलं आणि नवरदेवाच्या मागं त्याच्या धाकट्या मामाला उभं केलं! सरपंच आले, बघतात तर आपल्या जागी भाऊ. रुसून जे जीपमध्ये जाऊन बसले ते उतरेनात. मी फेटा घेऊन गेलो, व्याही नारळ घेऊन गेले. मेहुणा नुसता माइक घेऊन गेला आणि म्हणाला, 'तीनदा विचारलं, तुमी बोललाव न्हाई. आता एकदा सोताच्या तोंडानं "मी आलो" म्हना, लगेच यादीत घेतो.' आणि काय आश्चर्य, माइक दिसल्यावर माजी सरपंचांना राहवलं नाही. 'मी आलोय!' असं त्यांनी साऱ्या मांडवाला ऐकवलं. माझ्या जावयाच्या लग्नाच्या फोटोत त्याच्या मागं दोन मामा उभे आहेत आणि दोघांचेही चेहरे जिंकल्यासारखे आहेत.

मग गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाला ते झालं. दुपारची वेळ, मी माडीवर चहा घेऊन गेलो तर हा घामानं निथळलेला. पुण्याहून त्याच्या वरिष्ठ मॅडम स्पीकरवर होत्या. 'तुमचे सगळे नोड सांगताहेत की ते ठीक आहेत. सगळीकडे हिरवे दिवे आहेत. आणि सकाळपासून तीन नोडवरून एकही ऑर्डर बाहेर पडलेली नाही. दुकानदार फोनवर ओरडताहेत.' ह्यानं ते तीन नोड यादीतून काढले, काम दुसरीकडं वळवलं, ऑर्डरी निघाल्या. मग मॅडमनी विचारलं, 'पण तुमच्या एजंटनं आधीच का नाही सांगितलं?' तपासल्यावर निघालं ते असं की एजंटला ह्यानं नोडला फक्त जागा आहेस का, एवढंच विचारायला शिकवलं होतं. नोड जागे होते. विचारलं की 'हाय' म्हणत होते. काम करतोस का, हे कुणी विचारलंच नव्हतं. 'असं का लिहिलंत तुम्ही?' मॅडम म्हणाल्या. हा घाम पुसत म्हणाला, 'मॅडम, आमच्याकडं असंच विचारत्यात.'

मला हसू आलं होतं, पण त्याचं तोंड बघून मी ते गिळलं. त्यानं मॅडमचा फोन ठेवला, चहा बाजूला सारला आणि मामांना फोन लावला. स्पीकर तसाच चालू होता, त्यामुळे मीही ऐकलं.

'आबा, आज पानी कुनी आनलं?'

'तुझ्या चुलत्यानं.'

'अन् मेंढरांमागं कोन गेलंय?'

'त्योच गेलाय की.'

'मग तुमी काय करायलाव?'

'काय करू? बसलोय.'

'कवापासून बसलाव, आबा?'

मग मामा म्हणाले, 'चार रोज झालं आसत्याल.'

चार दिवस बसलेला मेंढपाळ! ज्या माणसाला माझ्या लग्नात जेवायच्या पंगतीत बसवताना चार जणांनी धरून ठेवलं होतं, तो चार दिवस एका जागी बसलाय, आणि रोज तीन वेळा मुलाला 'बरं हाय' सांगतोय. मेहुण्यानं लॅपटॉप मिटला नाही, दार लावलं नाही, तसाच खाली पळाला. मी गाडी काढली. माजलगावच्या पलीकडं एका उसाच्या रानात मामा लिंबाखाली टेकून बसले होते. उजव्या पायात बाभळीचा काटा मोडला होता, त्यावर हळदीचं फडकं, आणि फडक्याखाली पाऊल टम्म सुजून काळपट पडलेलं. आम्हाला बघताच ते खवळले. 'कशाला आलाव रं दोघं? मी बोलावलं होतं का?' मेहुण्यानं वडिलांना पाठुंगळीला घेतलं आणि गाडीकडं चालू लागला. मामा त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होते आणि चुलत्याला सांगत होते की लंगड्या मेंढीकडं बघ. बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक बोट काढलं. पाय राहिला.

पुढचे सात-आठ महिने मामा आमच्या माडीवर. बाप एका खाटेवर, लेक समोरच्या खुर्चीत, आणि दोघांमध्ये ते हिरवे दिवे. मामा दिवसभर पडद्याकडं बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, 'ही किती हायेत रं?' 'छप्पन, आबा.' 'अन् तू सारखं त्यांना बरं हाय का इचारतूस?' 'व्हय.' मामांनी तंबाखू मळता मळता मान हलवली. 'मेंढराला आमी कवा इचारीत न्हाई. पुढ्यात पाला टाकावा. खाल्ला तर बरं हाय, न्हाई खाल्ला तर उचलून बघावं.' मेहुणा खुर्ची वळवून जे लिहायला बसला ते संध्याकाळपर्यंत. आता त्याचा एजंट नोडला काही विचारत नाही. दर मिनिटाला त्याच्या पुढ्यात एक खोटी ऑर्डर टाकतो आणि ती पुरी होऊन येते का ते बघतो. पुण्याच्या मॅडमनी ही युक्ती कुठून सुचली म्हणून विचारलं, तेव्हा त्यानं कॅमेरा खाटेकडं वळवला. मामांनी घाईनं टोपी सारखी केली.

मला वाटलं होतं, मामा आता इथंच राहतील. मेहुण्यालाही तसंच वाटत होतं. त्यानं खाटेवर नवी गादी आणली, खिडकीला जाळी बसवली. पण दिवाळी झाली, चुलता मेंढरं घेऊन निघाल्याचा निरोप आला आणि मामांनी जेवण सोडलं. भांडले नाहीत, बोलले नाहीत, नुसतं ताट सरकवायचे. बायकोनं पुरणाची पोळी केली तीही तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी मेहुणा ते ताट घेऊन खाली आला, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसला आणि रडला. सरळ पोरासारखा रडला. मग डोळे पुसून बहिणीला म्हणाला, 'ताई, आबांच्या भाकरी बांध. वाटंनं खातील.'

मेंढरं सिंदफणा नदीच्या अलीकडं थांबली होती, तिथं आम्ही त्यांना सोडलं. पायात जाड तळव्याचे बूट, खिशात गोळ्यांची डबी, आणि गोळ्या खाऊ घालायची चुलत्याला शपथ. मामा गाडीतून उतरले, काठी घेतली आणि आम्ही अजून तिथं आहोत हे विसरूनच गेले. कळप हलला. मेहुणा बांधावर चढून उभा राहिला.

'दाजी,' तो म्हणाला, 'उजवा पाय जरा जपून टाकायलेत.'

'हो.'

'पन चालायलेत.'

'चालायलेत ना,' मी म्हणालो. धुळीत पांढरी टोपी दिसेनाशी झाली तरी तो बांधावरून उतरला नाही. मी गाडीची किल्ली खिशात ठेवली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.