वाळूत ठोकलेल्या खुंट्या

मी चौथीत नापास झालो आणि पुन्हा शाळेत पाऊल ठेवलं नाही. तरी तंजावरातल्या आमच्या भागातल्या स्काउटच्या पोरांना बारा वर्षं गाठी शिकवल्या त्या मीच. पेंढ्याच्या गाड्या बांधण्यात आयुष्य गेलं. दोराचं मला कोणी सांगू नये.

मग नवा स्काउटमास्तर आला. सात दिवसांचं ट्रेनिंग, इस्त्रीची अर्धी चड्डी, पोटावर लोंबणारी शिट्टी. यंदा आडी महिन्यात, म्हणजे आषाढात, तिरुवैयारूजवळ कावेरीकाठी कॅम्प लागला. इथं म्हाताऱ्याला ताता, म्हणजे आजोबा, म्हणतात. तिथं सगळ्या पोरांसमोर मास्तर मला म्हणाला, "ताता, तुमच्याकडे सर्टिफिकेट नाही. गाठी मी शिकवीन. तुम्ही चुलीपाशी बसा."

बसलो. पेंढ्याच्या ढिगावर, मांडी घालून.

मास्तरानं पुस्तकातलं चित्र बघून तीन तंबूंसाठी वाळूत लोखंडी खुंट्या ठोकवल्या. वाळूत! आडीचा वारा काय असतो ते इथलं शेंबडं पोरही जाणतं. हा आपला प्रत्येक गाठीचं इंग्रजी नाव पाठ करवून घेतोय. मला सगळं दिसत होतं. पण बोलावल्याशिवाय मी लग्नालाही जात नाही.

दुपारी वारा सुटला. तिन्ही तंबू उडाले, सांबाराच्या पातेल्यात वाळू. मास्तर शिट्ट्या फुंकतोय, जसा काही वारा रांगेत उभा राहणार.

पोरं माझ्याकडे धावली. "ताता, या ना!"

"तुमच्या सरांना मला बोलवू दे."

सर पुस्तकाची पानं उलटत होते. एक पोरगं थांबलंच नाही. माझ्या बुडाखालचा पेंढा ओढून त्याची पेंढी वळायला लागलं. मागच्या वर्षी मीच दाखवलं होतं: पेंढीला तंबूचा दोर बांधायचा, हातभर खोल पुरायची, वर वाळू तुडवायची. पण पोरानं फास घातला उलटा. मला राहवेना.

"उलटा घातलास, गाढवा!" म्हणालो, आणि उठलो.

पेंढ्या पुरून तिन्ही तंबू पुन्हा उभे केले. त्यानंतर एकही तंबू हलला नाही. मास्तर वही घेऊन आला. "ताता, या गाठीचं नाव काय?"

"नाव नाही. बापानं शिकवली. तोही शाळेत गेला नव्हता."

तरी त्यानं काहीतरी खरडलं. आम्ही वाळूसकट सांबार खाल्लं. मास्तराचा डबा घरून आला होता.

दुसऱ्या दिवशी गाठी मी शिकवल्या. मास्तर मागच्या रांगेत दोर घेऊन बसला. तीनदा फास उलटा घातला. त्याला गाढव म्हणालो नाही. पोरं बघत होती.