पहिला कट कोन मारते?

आई गेल्यावर आमच्या मरोद्याच्या घरात बोलणंच बंद पडलं. तसे बाबा होते, मी सुट्ट्यांत यायची, पण घरातलं बोलणं सगळं आईच्या हातून जायचं. बाबांची सगळी नोकरी पोलादाच्या प्लांटमधल्या रेल मिलमध्ये झाली, लालभडक रूळ मापात कापणाऱ्या करवतीवर. त्या करवतीनं रुळांबरोबर त्यांचे कानही कापून नेले. आवाजानं उजवा पूर्ण गेला, डावा ऐकायला नावापुरता राहिला. कानाचं मशीन आणलं होतं. "त्याच्यात फक्त पंखाच ऐकू येते," म्हणून त्यांनी ते कपाटात टाकून दिलं.

म्हणून कोणतीही बातमी आधी आईला सांगायची. मग ती बाबांच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन ओरडायची. माझा बारावीचा निकाल, पीएचडीची अॅडमिशन, आत्याचं आजारपण, सगळं असंच त्यांच्यापर्यंत पोचलं. आणि बाबांना काही सांगायचं असलं की ते स्वयंपाकघराकडे बघून मिलमधल्या आवाजात हाक मारायचे, "अवो, ऐकलं का!" तिचं "आली" त्यांना कधी ऐकू यायचं नाही. ती दारात दिसली की मग पुढचं बोलायचे.

ती गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी घरी आले, ती तोंड पाडूनच. पीएचडीचं पाचवं वर्ष होतं आणि हातात काही नव्हतं. गाइडनं साफ सांगितलं होतं, "दोन महिने घरी जा, विचार कर. उत्तर सापडलं तर ये, नाहीतर हा विषय बंद." पाच वर्षं अशी पाण्यात जाणार होती, आणि ते सांगायला घरात आईही नव्हती.

काम काय, ते सांगते. पेशीत जीन असतात, आणि सगळेच एकदम बडबडू लागले तर पेशीचं काही खरं नाही. काहींना गप्प करावं लागतं. ते काम मायक्रोआरएनए नावाचा एवढासा तुकडा करतो, साधारण बावीस अक्षरांचा. जन्मतः तो एवढा नसतो. आधी लांब धागा निघतो आणि स्वतःवरच दुमडतो, केसांच्या आकड्यासारखा. केंद्रकात ड्रोशा नावाचं एंझाइम त्याला ओळखतं. खालची सुटी टोकं कुठे संपतात आणि जोडी कुठे सुरू होते हे ते चाचपतं, तिथून ठरलेलं अंतर मोजतं आणि कापतं. मग आकडा केंद्रकाबाहेर येतो. तिथे डायसर बसलेलं असतं. ते कापलेलं टोक पकडतं, तिथून बावीस अक्षरं मोजतं आणि वरचा वळसा उडवून टाकतं. उरलेल्या दोन पट्ट्यांतली एक ठेवतात, दुसरी बहुतेक वेळा फेकतात. ठेवलेली पट्टी आपल्या सुरुवातीच्या सात-आठ अक्षरांवरून नेमक्या जीनचा निरोप ओळखते आणि त्याचं तोंड बंद करते.

असा एक आकडा मी स्वतः रचला होता. तुकडे निघत होते, बावीस अक्षरांचेच, तपासणीत अगदी एका रेषेत. पण जीन काही गप्प बसेना! वर्षभर मी डायसरला शिव्या घातल्या. कधी वाटायचं पट्टी चुकीची निवडली जाते, कधी वाटायचं माझंच नशीब फुटकं.

घरी दिवस जाता जाईनात. बाबा सकाळी आईच्या फोटोसमोर मेणबत्ती लावायचे, चहा करायचे, माझा कप टेबलावर ठेवायचे आणि टीव्ही लावायचे. आवाज इतका मोठा की भिंत थरथरायची. आम्ही दोघं त्या आवाजात न बोलता जेवायचो. कधी वाटायचं, ओरडावं त्यांच्या कानात. पण आईसारखं ओरडणं मला जमेना. माझं ओरडणं भांडणासारखं निघायचं.

एका दुपारी मी फरशीवर आकड्यांची चित्रं पसरून बसले होते. बाबा चष्मा लावून जवळ आले आणि उकिडवे बसले.

"काय करून राहिली?"

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलं: लांब धागा. दोनदा कापतात. तुकडा मापात निघतो, तरी काम करत नाही.

त्यांनी दोनदा वाचलं. मग चित्राच्या तळाशी बोट ठेवलं. "पहिला कट कोन मारते? अन् थो माप कुठून घेते?"

मी हात झटकला. म्हटलं, पहिल्या कटाचं काही नाही, गडबड दुसऱ्यात आहे. त्यांना ऐकू गेलं नाही, ते आपले सांगतच राहिले. "आमच्याकडं रुळाचं तोंड खराब राह्यते. थे आधी कापा लागते. पहिला कट सरकला, तं मागचे सगळे तुकडे सरकतेत. टेप लावून पाह्यशीन तं लांबी बरोबर! टेपवाला पास करून देते. पन खराबी आतच राह्यते ना, बेटा."

डोकंच फिरलं माझं. पाच वर्षं मी काय झक मारली का? मी कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: बाबा, ही तुमची मिल नाही. तुम्हाला नाही समजणार.

त्यांनी वाचलं. चष्मा काढून खिशात ठेवला आणि पिशवी घेऊन सुपेल्याच्या बाजारात निघून गेले. परत आले ते माझ्यासाठी जिलबी घेऊन. राग आला की पोरगी गोड खाते, हे आईनंच कधीतरी त्यांच्या कानात ओरडलेलं असणार. जिलबी गार झाली होती. मी ती रडत रडत खाल्ली, आणि त्यांनी टीव्हीकडे तोंड केलं.

दोन दिवस ते वाक्य डोक्यातून जाईना. लांबी बरोबर, टेपवाला पास करते. अरे बाप्पा! मीच तर तो टेपवाला होते. मी नुसती लांबी मोजली होती, तुकडा कुठून सुरू होतो हे वाचलंच नव्हतं. लॅबमधल्या ज्युनिअर मुलीला फोन केला, तुकडे अक्षर न् अक्षर वाचायला सांगितले. आठवड्यानं उत्तर आलं. पहिलं अक्षर गायब होतं, म्हणजे जीन ओळखायची सुरुवातीची अक्षरंच सरकली होती. आकड्याच्या तळाशी सोयीसाठी मी चार अक्षरं बदलली होती, त्यामुळे तिथली एक जोडी सुटली होती. ड्रोशानं एक घर वरून माप घेतलं, आणि डायसरनं इमानदारीत त्याच्यापुढे बावीस मोजली. बिचाऱ्याला मी वर्षभर उगाच कोसलं.

"बाबा!" मी ओरडले. ते खिडकीशी पाठमोरे उभे होते. "बाबा, सापडलं!" ते वळले नाहीत. इतका आनंद आणि सांगायला माणूस नाही. मला इतकं एकटं आई गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

मग मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. करवतीच्या कर्कश आवाजात मिलवाले हातांनी बोलायचे. लग्नातसुद्धा बाबा आणि त्यांचे दोस्त मांडवाच्या दोन टोकांवरून हातवारे करायचे, आम्ही पोरं हसायचो. तेच आठवून मी एक बोट वर केलं. उजव्या हाताची धार डाव्या मनगटावर मारली. मग हात एक बोटभर सरकवला, त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि अंगठा वर केला.

ते बघत राहिले. मग तोंडभर हसले. आणि स्वयंपाकघराकडे वळून त्यांनी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारली, "अवो, ऐकलं का! पोट्टीचं जमलं!"

आणि नेहमीसारखे दाराकडे बघत थांबले.

मी त्यांच्या बाजूनं आत गेले आणि दारात त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिले. "आली," म्हटलं. ते त्यांना ऐकू जाणार नव्हतंच.