खिंडीच्या अलीकडे

आम्ही कतारमध्ये, दोहाच्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहतो. नवरा गॅसच्या प्रकल्पावर इंजिनिअर, मी शाळेत गणित शिकवते. लग्नाआधी मी नाशिकजवळचे बरेच गड पालथे घातले होते. त्याला चढणीची हौस कधीच नव्हती. तरी तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत आल्प्समधली एक उंच खिंड चालत गाठायचं मी ठरवलं, तेव्हा तो म्हणाला, “मीपण येतो.”

मे महिन्यात इथे उकाड्यामुळे संध्याकाळीही बाहेर चालवत नाही. म्हणून ऑफिसातून आला की तो सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायचा आणि बिल्डिंगचे सहा मजले चढायचा-उतरायचा. नेपाळी वॉचमन काळजीने सांगायचा, “सर, लिफ्ट चालू है.”

स्वित्झर्लंडला पोहोचल्यावर चौथ्या दिवशी आम्ही खिंडीकडे निघालो. तीन तास तो छान चालला. खिंडीच्या जरा खाली न वितळलेल्या बर्फाचा एक उतार आडवा पार करायचा होता. लोकांच्या पावलांनी त्यात वाट पडली होती. तो काठाशी थांबला.

“मला नाही जमणार गं. खाली बघितलं की पाय कापतात.”

मी हात पुढे करायला हवा होता. दोन मिनिटं बसू, असं म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, “मग एवढे जिने कशाला चढलास? इथेच बस, मी तासाभरात येते.”

वर भन्नाट वारा होता, पलीकडे हिमनदी पसरली होती. मी फोटो काढले, एका फ्रेंच बाईशी गप्पा मारल्या. परतले तेव्हा दोन तास उलटून गेले होते, आणि तो जागेवर नव्हता.

खालच्या विश्रामगृहात सापडला. उशीर झाला म्हणून मला शोधायला एकटाच त्या बर्फावर उतरला होता आणि घसरला होता. एका म्हाताऱ्या जोडप्याने त्याला खाली आणलं होतं. दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. मला बघून त्याने विचारलं, “दिसलं का पलीकडचं?”

मी म्हणाले, “तुला तिथेच बस सांगितलं होतं ना?”

तो सूपचा वाडगा दोन्ही मनगटांत धरून पीत राहिला.

दोहाला परतल्यावर त्याने जिने चढणं सोडलं. पुढची दोन वर्षं मी मैत्रिणींबरोबर गेले. यंदा मात्र जेवताना म्हटलं, “खिंडबिंड नको. तळ्याकाठी नुसतं चालू. येशील?”

“नको. तू भराभर पुढे जातेस, मी मागे राहतो. उगाच तुला थांबायला लागेल.”

तेव्हा मी माफी मागितली, तीन वर्षं उशिरा. तो हसला. “खलास गं, झालं ते,” म्हणाला आणि त्याने माझ्या ताटात कोशिंबीर वाढली.

त्याला राग असता तर बरं झालं असतं, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी माझं एकटीचं तिकीट काढलं.